लघुग्रहाच्या पोटातला बंब

प्रिंटिंग पॉडपासून (गेममध्ये माणसं छापणारं यंत्र) ज्वालामुखी सव्वाशे चौकोन खाली. तिथवर पोचायला मला दोन शनिवार-रविवार लागले, आणि परत वर यायला भलताच उशीर झाला.

'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड' हा क्ले एंटरटेनमेंटचा गेम २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. लघुग्रहाच्या पोटात अडकलेली माणसं, म्हणजे ड्यूप, जगवायची. हवा, पाणी आणि उष्णता, सगळ्याचा हिशेब तुमच्याकडे.

मीप नावाच्या ड्यूपला पुढे घालून शिडी सोडली. आधी शेवाळी चिखलाचा पट्टा लागला, मग क्लोरिनचा हिरवट धूर. त्याखाली अ‍ॅबिसलाइटची भिंत. ही जवळपास उष्णता झिरपूच देत नाही, म्हणून पलीकडे काय आहे ते फोडेपर्यंत कळत नाही. पलीकडे कच्च्या तेलाची डबकी निघाली. अ‍ॅटमो सूट (उष्णतेपासून वाचवणारा पोशाख) नसता तर मीप तिथेच भाजला असता. आणि तेलाच्याही खाली तो: १७२७ अंशांचा मॅग्मा ओकणारा.

पहिल्या खेपेला मी गावठी डोकं चालवलं. सरळ पाणी ओतलं, वर वाफेवर वीज करणारी टर्बाइन ठेवली. वाफ ४०० अंशांच्या पुढे गेली, टर्बाइनने ८५० वॅट दिले, मी चहा ठेवायला उठलो. परत येतो तर टर्बाइन लाल आणि ठप्प! वाफेतून ओढलेल्या उष्णतेचा दहावा हिस्सा तिच्या स्वतःच्याच अंगात उतरतो आणि १०० अंशांना ती बंद पडते. ग्रॅनाइट ६६९ अंशांच्या आसपास वितळतो. कोपऱ्यातली फरशी केव्हाच मॅग्मात मिसळली होती.

आजीकडे न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत जळण, भोवती पाणी. ओंडका एकदम सारला की ती ओरडायची, "अरे, पाणी तापवायचंय की घर जाळायचंय?"

मग सगळं पाडून पुन्हा बांधलं. मॅग्मा आणि वाफेची खोली यांच्यामध्ये निर्वात फट ठेवली, फटीत पोलादी यांत्रिक दारं. दार मिटलं की ते भिंतीसारखं उष्णता पुढे देतं. उघडलं की मध्ये नुसती पोकळी, काहीच जात नाही. (दार उघडं म्हणजे वाट बंद, हे डोक्यात बसायला वेळ लागला.) २०० अंशांवर सेन्सर लावला. पोलादात १०० किलोमागे १० किलो चुना लागतो आणि तो अंड्यांच्या टरफलांतून येतो, म्हणजे ज्वालामुखीच्या आधी मला हॅच (अंडी देणारे, दगड खाऊन कोळसा टाकणारे प्राणी) पाळावे लागले! टर्बाइन गार ठेवायला वाफेतच पोलादी अ‍ॅक्वाट्यूनर बसवला. नळातलं पाणी तो १४ अंशांनी उतरवतो, काढलेली उष्णता परत वाफेला देतो आणि त्यासाठी १२०० वॅट खातो. म्हणून टर्बाइन एकीच्या तीन केल्या.

रात्री दीडला दारं मिटली. १२१, १२४, मग १२५ अंश. पहिल्या टर्बाइनचं पातं हललं आणि खालून ९५ अंशांचं पाणी परत आत पडलं. १९८, १९९, २००. खटाक, दारं उघडली. आकडा २०३ वर थांबला. मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी मॅग्मा यायचा थांबला. ज्वालामुखी निद्रिस्त, पुढची कित्येक चक्रं, म्हणजे गेममधले दिवस. वाफ १३० वर आली आहे, दारं मिटलेलीच आहेत. सध्या वसाहत हॅचच्या कोळशावर चालली आहे.