आमच्या जुन्या गावात पुतळे का नाहीत

मळ्यात उभं केलेलं आमचं छोटंसं जुनं गाव फिरून झालं की बरेच पाहुणे हमखास विचारतात, "सगळं आहे, पण माणसांचे पुतळे का नाही बसवलेत?" कुंभाराचं चाक आहे, लोहाराचा भाता आहे, विहिरीवर पाणी उपसायची मोट आहे. त्यांच्याशेजारी माणसं असती तर फोटो तरी छान आले असते, असं त्यांचं म्हणणं.

कोल्हापूरजवळचं कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम किंवा गणपतीपुळ्याचं प्राचीन कोकण पाहून आलेल्यांना हे वाटणं साहजिक आहे. मलाही ती दोन्ही ठिकाणं आवडतात. कणेरीचे माणसाएवढे पुतळे इतके हुबेहूब आहेत की आपण नकळत हळू बोलायला लागतो. पण मला गाव चालतं हवं होतं. अवजाराची खरी अक्कल ते वापरताना दिसते.

उन्हाळ्यात आलात तर बैलगाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवताना बघायला मिळेल. चाक सुतारानं बाभळीचं केलेलं असतं. मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे आणि बाहेरून लाकडाचा गोल. लोहारानं केलेली लोखंडी धाव मुद्दाम चाकापेक्षा जराशी लहान ठेवलेली असते, गार असताना ती चढणारच नाही. मग गोवऱ्यांच्या आरात ती लालभडक तापवायची. तापलं की लोखंड वाढतं. तिघंचौघं सांडशीनं धरून ती चाकावर टाकतात, घण घालून बसवतात, लाकडातून धूर निघायला लागतो आणि लोहार ओरडतो, "पाणी!" बादल्या पडतात. धाव आवळत जाते तसा चाकाचा एकेक सांधा करकरतो आणि आरे तुंब्यात घट्ट रुतून बसतात. पाण्याला उशीर झाला तर लाकूड जळतं, घाई झाली तर धाव वाकडी राहते. नेमकी वेळ लोहाराच्या नजरेत असते. आता सांगा, यातलं काय पुतळ्यात दाखवू?

मोटेचंही तसंच. बैल धावेवरून (विहिरीच्या उतारालाही धावच म्हणतात) खाली चालतात ते भरलेली मोट वर येताना, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजनही ओढायच्या कामी येतं. मागे सरत चढायचं ते मोट रिकामी झाल्यावर. मोट वर आली की तिची सोंड, म्हणजे पाणी सोडायची नळी, थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या कुंडात, मोकळी होते. पोरं हे एकदा बघून हलत नाहीत.

दुसरं कारण माझ्या दृष्टीनं जास्त मोठं आहे. पुतळ्याला काही विचारता येत नाही. आमच्याकडे काम करणारे लोहारदादा विचारलं की सांगतात. त्यांच्या आजोबांनी गावाच्या नांगरांचे फाळ वर्षभर ठोकून धारदार करायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुत्यासाठी, म्हणजे कामाच्या मोबदल्यातल्या धान्यासाठी, उभं राहायचं. कुणी सूपभर धान्य घाली, कुणी उद्या ये म्हणे. "तेव्हा सगळे कसे गुण्यागोविंदानं राहायचे," असं म्हणणारे पाहुणे हे ऐकून जरा थांबतात, आणि त्यांनी थांबावं असं मला वाटतं.

मोटेपाशी मी आणखी एक गोष्ट सांगते. मेलेली जनावरं ओढणाऱ्या, चामडं कमावणाऱ्या, मोट शिवणाऱ्या हातांमुळे शिवाराला पाणी मिळायचं, आणि त्यातल्या अस्पृश्य मानलेल्यांना गावच्या विहिरीला शिवायची मुभा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या, म्हणजे पिढीजात गावकाम आणि त्याच्या मोबदल्याच्या, कायद्यात बदल करणारं विधेयक मांडलं. महारवतनं रद्द व्हायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. जुनं गाव दाखवायचं आणि हे गाळायचं, तर ते गाव खोटं ठरेल.

म्हणूनच आमच्याकडे येणारा प्रत्येक कारागीर स्वतःचा दर स्वतः सांगतो आणि संध्याकाळी रोख पैसे घेऊन घरी जातो. आणि म्हणूनच आमची मोट पत्र्याची आहे. चामड्याची हवी तर कुणाच्या तरी दारात जाऊन "हे तुमच्या घराण्याचं काम" म्हणावं लागेल, ते मी करणार नाही. कुणाला ही कला येत असेल, हौसेनं आणि स्वतःच्या दरानं शिवून द्यायची असेल, तर आनंदानं घेईन आणि शिवताना लोकांना बघायलाही बोलावीन. तोवर पत्र्याची मोट चालू आहे.