मेणाचं बाळ

बुधवार, माहीमचं सेंट मायकल चर्च. १९४८ पासून इथे बुधवारचा नोव्हेना (मेरीमातेची प्रार्थना) चालतो. हिंदू, मुसलमान, सगळेच येतात. माझ्या हातात नवसाचं मेणाचं घर (तिसरं वर्ष, बिल्डर अजून ढिम्म). पुढे एक नटलेली मुलगी फोनवर मोठमोठ्याने बोलत होती. मी फणकारले, "देवाच्या दारात तरी बंद ठेवा!"

ती वळली. काजळ गालावर ओघळलेलं, मुठीत मेणाचं बाळ. "सॉरी हां आंटी. आईला सांगत होते, या वेळीपण नाही राहिलं."

बायबलमधल्या मत्तयच्या सातव्या अध्यायातलं कुसळ-मुसळ मी संडे स्कूलच्या पोरांना शिकवते. दर वर्षी. फळ्यावर चित्र काढून!

रांग सरकली. तिचं बाळ उकाड्याने मऊ पडलं होतं. मी माझा रुमाल दिला, गुंडाळायला.