बाबांचं पोट आणि बाबांचा श्वास

बाबांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, आहे हे कळून दोन वर्षं झाली, पण बुटाची लेस बांधायला वाकले की धाप लागते ती पोटामुळे पण, हे फिजिओवालीने सांगितलं तेव्हा कळलं. कंबर १०४ सेंटीमीटर, आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या पुढे धोका धरतात. ती म्हणाली, काका, फुफ्फुसात हवा अडकून ती फुगलेली, त्यामुळे फुफ्फुसांखालचा श्वासाचा पडदा वरून दाबून चपटा झालाय, आणि खालून पोट त्याला हलायला जागा देत नाही, विशेषतः बसलं, वाकलं की. बाबा म्हणाले, म्हणजे सराफ्यातल्या (इंदूरची रात्रीची खाऊगल्ली) खाण्याचा दोष! (खरंतर तीस वर्षं ओढलेल्या सिगरेटचा आधी, पण ते कोण बोलणार.)

व्यायाम साधेच. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून हळूहळू, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा, म्हणजे अडकलेली हवा निघते. धाप लागली की गुडघ्यांवर कोपरं टेकून बसतात ना, ते बाबांना जमेना, पोट मांडीत दबतं, मग उभं राहून ओट्यावर हात टेकायला शिकवलं. आणि सहा मिनिटं चालायची टेस्ट, पहिल्यांदा २१० मीटर, आठ आठवड्यांनी २७५. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत जोरात फुंकून फुफ्फुसं तपासतात त्याचा, आकडा तिथेच, तो फारसा हलत नाही म्हणे, पण आता राजवाड्यापर्यंत मधे न थांबता जातात. पोहे चालू आहेत, जिलबी आईने बंद केलीये, त्यावरून रोज सकाळी भांडण.