साज, धोटा आणि झवेरी बाजार

आजची दुपार भाचीबरोबर झवेरी बाजारात. आजीचा कोल्हापुरी साज नव्याने गाठून घ्यायचा होता, आणि भाचीला त्यावरून स्वतःसाठी चांदीचा हार करून घ्यायचा होता.

साजाची पानं, म्हणजे त्यातली छोटी पदकं, आज प्रथमच नीट बघितली. मासा, कासव, नरसिंह असे दशावतार, अष्टमंगळ म्हणजे आठ शुभचिन्हं, माणिक-पाचूची पानं आणि ताईत. पारंपरिक साजात अशी २१. मधेमधे जवमणी. वरून भरीव वाटतं, आत मात्र लाख! गहाण ठेवताना सावकार ती लाख वजा करायचा, हे आई अजून रागाने सांगते.

भाचीला अवतार नको होते. आजोबा गाव सोडून लालबागला आले, गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाला लागले, म्हणून तिच्या हारात मधलं पदक धोट्याचं, मागावर आडवा धागा नेणारं ते लाकडी साधन. शेजारी भाताची लोंबी. आणि १९८२ च्या संपासाठी एक पान कोरं. मला हे जरा नाटकी वाटलं, पण हार तिचा आहे.

कारागीर हुगळीकडचा. घरी हातमाग, त्यामुळे कागदावरचा धोटा बघताच हसला. टोकं बोथट काढली होती. त्याने पेन्सिल घेऊन दोन्हीकडे निमुळती केली, मधे सुताच्या कांडीची खाच दाखवली. आमच्या घरात आता हे कुणाला माहीत असणार!

मजुरी ऐकून मी गप्प. भाचीने घासाघीस न करता आगाऊ पैसे दिले. गणपतीआधी नक्की देतो म्हणालाय. कुठल्या वर्षीचे गणपती, ते विचारायचं राहिलं.