जिन्यातलं पोस्टमॉर्टेम

बायोलॉजीचा पेपर देऊन निघाले तेव्हा ठरवलं होतं, उत्तरं जुळवायला थांबायचं नाही. पण जिन्यातच कुणीतरी ओरडलं, “मिऑसिसनंतर पेशी किती?” त्या अर्धसूत्री विभाजनात एका पेशीच्या होतात चार. मी दोन लिहिल्यात. गुणसूत्रं मात्र बरोबर, ४६ ची २३. म्हणजे अर्धा मार्क तरी? (तपासणाऱ्याच्या मूडवर आहे.)

आनुवंशिकतेच्या संकराच्या प्रश्नात ९:३:३:१ हे गुणोत्तर आलं म्हणून खूश होते, तर एकजण शांतपणे म्हणाला, “अगं, तो टेस्ट क्रॉस होता. १:१:१:१.” आमच्यातल्या सहाजणांचे चेहरे एकदमच पडले.

मग कुणीतरी प्रश्नपत्रिका उलटली. मागच्या पानावर आणखी एक प्रश्न. नेफ्रॉनची, म्हणजे मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नलिकेची आकृती, पाच मार्क.

नेफ्रॉन मला डोळे मिटून काढता येतो हो! बोमन संपुट, हेन्लेचा वळसा, सगळ्या नावांसकट. आत्ताही वहीच्या कोपऱ्यात तोच काढत बसलेय.