फोनच्या बॅटरीवर १६० मीटर

रविवार, रात्री उशिरा

नवा फोन दुपारी हातात आला. खोकं उचललं की झाकण सावकाश सुटतं, आत कोंडलेली हवा बाहेर पडते, आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत मी पुन्हा कॉलेजातला होतो. हा माझा नववा स्मार्टफोन. प्रत्येकाचा पहिला दिवस मला आठवतो, अगदी कोणत्या खुर्चीत बसून चालू केला तेही.

बाकी दिवस सामान हलवण्यात गेला. फोटो, संपर्क, कॅलेंडर आपोआप येतात. खरी कसोटी बँकेच्या ॲपची आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीच्या कोडची. एकदा हे कोड नव्या फोनवर घ्यायच्या आधीच मी जुना फोन पुसून टाकला होता. स्वतःच्याच मेलच्या दाराबाहेर आठ दिवस उभा होतो. तेव्हापासून जुना फोन किमान महिनाभर जसाच्या तसा ठेवतो.

मंगळवार

पडद्याबद्दल सगळे विचारतात, म्हणून आज नीट लक्ष दिलं. जुन्याचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचा, हा १२० वेळा बदलतो, आणि स्थिर मजकूर असला की स्वतःहून खूप खाली उतरून वीज वाचवतो. अर्ध्या तासात डोळे सरावले आणि विसरलो. संध्याकाळी काहीतरी शोधायला जुना फोन उचलला, बोटाने यादी वर ढकलली, आणि अक्षरं अडखळत सरकताना दिसली. पुढे जाताना जाणवत नाही, मागे आल्यावर जाणवतं.

कॅमेऱ्याचं मात्र मन लावून लिहायचंय. संध्याकाळी आई खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होती. उजेड कमी होता. नव्या फोनने टिपलेला फोटो पाहून आधी हरखलो: सुई स्पष्ट, खिडकीबाहेरचं आभाळही शाबूत. मग मोठा करून पाहिला. आईच्या हातांवरच्या बारीक सुरकुत्या जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. कारण मला माहीत आहे. फोन एका फोटोसाठी पाठोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो आणि अंधारात येणारा रवाळपणा गाळतो. त्या गाळणीला सुरकुती आणि रवा यांतला फरक नेहमी कळतोच असं नाही. शिवाय ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो हातात देतो. कमी उजेडात ते योग्यही आहे, कारण चार छोट्या पिक्सेलांवर पडलेला प्रकाश एकत्र मोजता येतो.

मग रॉ फाइल, म्हणजे फोनने गाळणी न लावलेला कच्चा फोटो, साठवायचा पर्याय चालू केला आणि आईला पुन्हा तसंच बसायला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आता दोरा ओवून झाला की!" तरी बसली. हा फोटो रवाळ आहे, रंग फिके आहेत, पण हात आईचे आहेत. हाच ठेवणार.

गुरुवार

आज रस्ता चुकलो, आणि चूक फोन लावण्याच्या जागेची होती, म्हणजे माझीच. गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवलेल्या स्टँडवर फोन, त्याला पाठीमागून वायरलेस चार्जिंग, वर नकाशा, पडदा पूर्ण उजळलेला, आणि समोरून थेट ऊन. अर्ध्या तासाने पडदा आपोआप मंद झाला, मग चार्जिंग थांबलं, आणि नेमकं जिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात तिथे नकाशा गोठला. मी डावीकडे गेलो, जायचं होतं सरळ. बारा मिनिटं जास्त लागली, आणि फोन हातात धरवत नव्हता.

घरी आल्यावर कागदावर मांडलं. वायरलेस चार्जिंगमध्ये दोन वेटोळ्यांमधून वीज जाताना तिचा बराच भाग उष्णता होऊन वाया जातो, आणि ती उष्णता सरळ फोनच्या पाठीत शिरते. फोनमधली बाष्पपेटी, म्हणजे आत थोडं पाणी असलेली धातूची चपटी डबी, प्रोसेसरची उष्णता फक्त पसरवते, तिला शेवटी फोनच्याच काचेतून बाहेर पडावं लागतं, आणि ती काच तर उन्हात होती. अशा वेळी फोन मंदावतो तो स्वतःला वाचवायला. लिथियम-आयन बॅटरीला सगळ्यात जास्त जाळतं ते हेच: ऊन आणि पूर्ण चार्ज, दोन्ही एकाच वेळी.

स्टँड काढून एसीच्या झडपेवर लावला आहे. चार्जिंग केबलने. थंडीत हीटर चालू केला की हीच झडप उलटी बाधेल, तेव्हा जागा परत बदलावी लागेल.

गुरुवार, झोपण्याआधी

झोप येत नाही म्हणून एक गणित केलं, आणि आता मुळीच येणार नाही.

फोनची बॅटरी ५,००० एमएएच, व्होल्टेज साधारण ३.८५. गुणाकार केला की १९ वॅट-तासांच्या आसपास येतात. माझी छोटी इलेक्ट्रिक गाडी रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर किलोमीटरला सुमारे १२० वॅट-तास घेते. म्हणजे ज्या बॅटरीवर मी दिवसभर बोलतो, वाचतो, फोटो काढतो, नकाशा पाहतो, ती अख्खी गाडीत ओतली तर गाडी १६० मीटर जाईल. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत.

गाडीला किती लागतं याचं नवल आहेच, पण फोनला किती थोडकं पुरतं याचं मला जास्त वाटलं.

दुसरी गोष्ट याहून सुंदर आहे. फोनच्या बॅटरीत सहसा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड असतं, माझ्या गाडीच्या बॅटरीत लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. कॅथोडचे, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाचे, हे दोन्ही पदार्थ जॉन गुडइनफ यांच्या संशोधनातून आले: पहिला १९८० मध्ये ऑक्सफर्डला, दुसरा १९९७ मध्ये टेक्सासला. नोबेल मिळालं २०१९ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी. खिशात आणि सीटखाली, मी रोज एकाच माणसाच्या दोन कल्पना घेऊन फिरतो.

शुक्रवार

या दोन बॅटऱ्यांचे स्वभाव मात्र वेगळे. फोन ८० टक्क्यांवर थांबवलेला बरा, ती सोय चालू केली आहे. गाडीला आठवड्यातून एकदा पूर्ण १०० लागतात. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे किती उरलं आहे याचा गाडीचा अंदाज हळूहळू सरकतो. मागच्या महिन्यात मी तीन आठवडे पूर्ण चार्ज केलंच नाही. आकडा २२ वरून एका चढावर १५ झाला, आणि पोटात गोळा आला. रात्रभर पूर्ण भरली, आकडा ताळ्यावर आला.

आणि पूर्ण भरलेल्या सकाळी ही गाडी वेगळी लागते. एरवी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनित्र होते, वेग विजेत बदलून बॅटरीत परत जातो, आणि ब्रेकला फारसा पाय लावावा लागत नाही. बॅटरी गच्च असताना ही वीज ठेवायला जागाच नसते. पाय उचलला तरी गाडी सरकत राहते. पहिल्यांदा झालं तेव्हा दचकलो होतो. आता शंभर टक्क्यांच्या दिवशी फाटकाबाहेर पडल्याबरोबर आधी ब्रेक एकदा दाबून पाहतो.

शनिवार

आज बाबांना गाडी चालवायला दिली. त्यांनी आयुष्यभर गिअरची गाडी चालवली. बसले, बटण दाबलं, आणि माझ्याकडे पाहत राहिले.

"चालू झाली?"

"झाली, बाबा."

"आवाज?"

हळू चालताना गाडी बाहेर एक बारीक गुंजारव सोडते, पायी चालणाऱ्यांसाठी. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला तो सक्तीचा आहे. काच खाली करून ऐकवला. त्यांनी मान डोलावली. पहिल्या दोन सिग्नलना त्यांचा डावा पाय क्लच शोधत होता, मग त्यांनी तो मुद्दाम मागे ओढून सीटखाली ठेवला. तिसऱ्या सिग्नलला त्यांनी ब्रेकला हातच... म्हणजे पायच लावला नाही, नुसता ॲक्सिलरेटर सोडत सोडत गाडी पांढऱ्या पट्टीवर आणून उभी केली. मला हे जमायला महिना लागला होता. चाळीस वर्षं क्लचवर काढलेल्या माणसाला वेग पायात कळतो.

त्यांना सगळ्यात काय आवडलं? एसीचं गोल बटण. रस्त्यावरची नजर न हलवता त्यांनी ते चाचपून फिरवलं. मी ही गाडी निवडली त्याला हे मोठं कारण होतं. ताशी ६० च्या वेगात दोन सेकंद पडद्याकडे पाहिलं तर गाडी ३३ मीटर आंधळी जाते. युरो एनकॅपने, म्हणजे गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरोपातल्या संस्थेने, २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना खरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलं, ते वाचून मला मनापासून आनंद झाला होता. पडद्यावर माझं प्रेम आहे, पण फोनवरच्या.

रविवार

जुन्या फोनची बॅटरी आज बदलून आणली. विकायचा विचार आठवडाभर होता, पण बाबांचा फोन फार रखडायला लागला आहे, आणि याला अजून दोन वर्षं सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. बँकेचं काम इकडून पूर्ण हललं आहे याची तीनदा खात्री केली, आणि या वेळी महिन्याचा नियम मोडून पुसला. अक्षरं मोठी केली, पडदा मंद व्हायची वेळ वाढवली, घरच्या पाच जणांचे फोटो पहिल्या पानावर लावले.

बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "किती टक्क्यांपर्यंत चार्ज करायचा?"

"ऐंशी."

"आणि गाडी?"

"आज शंभर."

ते उठून बाहेर गेले, आणि प्लग नीट बसला आहे का ते बघून आले.