पालिताण्याला जाताय? जुना सूर खिशात ठेवा

मिरजेत मला तिघांनी तीन वेगवेगळ्या दिवशी एकच सल्ला दिला. "सूर पाहिजेत ना? मग पालिताण्याला जा. पेटीचे सूर तिथेच बनतात." खोटं कुणीच बोललं नाही. गुजरातेतल्या पालिताण्यात सूर (आत आवाज काढणारी पितळी फ्रेम आणि तिच्यावर कंप पावणारी जीभ) बनतात, आणि चांगले बनतात. पण माझ्याकडे पेटी नाही, ऑर्गन आहे, हे ऐकून तिघांनीही नुसती मान डोलावली होती. त्या मान डोलावण्यापायी माझी चार दिवसांची रजा गेली, वर ६,६०० रुपये गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

ऑर्गन मामांच्या माडीवरचा. कंपनी एस्टी, गाव ब्रॅटलबरो, अमेरिकेतलं व्हर्माँट राज्य. (आमच्याकडे "एस्टीचा ऑर्गन" म्हटलं की लोक डेपोत चौकशी करायला सांगतात.) कारखाना १९६० मध्ये बंद पडला, त्यामुळे कंपनीला पत्र लिहायची सोय नाही. पाच सप्तकं, ६१ पट्ट्या. आठ सुरांच्या जिभा तुटलेल्या आणि तीन घरं चक्क रिकामी, कुणीतरी सूर काढून नेलेले. एकूण अकरा.

आता मुद्द्याचं. आपली पेटी हवा ढकलते, हा ऑर्गन हवा ओढतो. पायाने भाता चालवला की आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा सुरातून आत खेचली जाते. त्यामुळे सुराची घडणच वेगळी. पेटीचा सूर सुरपट्टीवर स्क्रूने बसतो. ऑर्गनचा सूर लाकडातल्या खाचेत ड्रॉवरसारखा सरकवतात आणि काढताना त्याच्या बुडाच्या खाचेत हूक अडकवून ओढतात. लांबी, रुंदी, जाडी, काहीच जुळत नाही. ऑर्गन उघडलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतं. मीही उघडला होता. तरीही गेलो.

प्रवास सोपा आहे. बांद्रा टर्मिनसहून रात्रीची भावनगरची गाडी. तुमची गाडी सिहोरला थांबत असेल तर तिथेच उतरा, भावनगरला जाऊन उगाच परत मागे यायला नको. सिहोरहून पालिताणा तीसेक किलोमीटर. स्वतःची गाडी घेऊन जाणार असाल तर हजिरा–घोघा बोटीने खंबातच्या आखाताला वळसा घालायचं वाचतं. धर्मशाळा भरपूर. गावात अंडंसुद्धा मिळत नाही, ज्यांना त्याशिवाय चालत नाही त्यांनी तयारीने जावं.

आता तो माणूस. दुकानाचं नाव लिहीत नाही, ओळख मात्र सांगतो: तुम्ही पिशवीतून सूर काढायच्या आतच जो "जर्मन पाहिजे की पॅरिस?" असं विचारतो, तो. जुन्या जर्मन आणि पॅरिसच्या सुरांची पेटीवाल्यांना किती ओढ असते हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मी माझा तुटका सूर दाखवला. त्याने तो उलटासुलटा केला, आत गेला, आणि फडक्यात गुंडाळलेले काळपट पडलेले अकरा सूर घेऊन आला. "जुन्या ऑर्गनमधले आहेत, जर्मन. शेवटचे." प्रत्येकी ६००. मी मोजले आणि दिले. घासाघीससुद्धा केली नाही, कारण रात्रभर गाडीत झोप नव्हती आणि काम अर्ध्या तासात संपल्याचा आनंद होता. झोप झाल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका, हा या लेखातला सर्वांत उपयोगी सल्ला समजा.

संध्याकाळी धर्मशाळेत कॅलिपर लावला. रुंदी जवळजवळ दीड मिलिमीटर जास्त. म्हणजे खाचेत सरकणारच नाहीत. मग टॉर्च मारून जिभेखाली पाहिलं. वरून शंभर वर्षांची काळवंडलेली पितळ, आणि जिभेच्या सावलीत, रिबिटाच्या कडेला, देव्हाऱ्यातल्या निरांजनासारखी लखलखीत. रसायनात बुडवून काळे केलेले नवे सूर होते ते, वर शिक्का ठोकलेला. जुना सूर जिभेखालीही जुनाच असतो. एवढंच बघायचं होतं. दुकानात टॉर्च खिशातच होता.

सकाळी दुकानात गेलो तर "विकलेला माल परत नाही". यावर जास्त लिहीत नाही, डोकं दुखतं.

त्या दिवशी शत्रुंजय, म्हणजे पालिताण्याचा जैन तीर्थाचा डोंगर, चढून आलो. साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या, वरची देवळं अप्रतिम. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. चातुर्मासात यात्रा बंद असते एवढं लक्षात ठेवा.

काम झालं ते तिसऱ्या दिवशी, आणि दुकानात नाही. सूर दुकानात विकतात, बनतात घरांत आणि शेडमध्ये. कानस घासल्याचा आवाज येतो त्या दाराशी जायचं. एका वयस्क काकांनी माझा तुटका सूर हातात घेतला, तोंडाला लावून हवा आत ओढली आणि म्हणाले, "हा ओढणारा बाजा. आमचा सूर यात बसणार नाही, कुणी देत असेल तर घेऊ नका." मी परवाचं फडकं उघडून दाखवलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्यांनी जे केलं तेच तुम्ही करून घ्या. जुनी पितळी फ्रेम तशीच ठेवली, तुटक्या जिभेचं रिबीट काढलं, पितळेच्या पत्र्यातून नवी जीभ कापली, कानशीने उतरवली आणि त्याच फ्रेमवर ठोकली. आठ सुरांना पूर्ण दिवस लागला. मजुरी अकराशे रुपये. म्हणजे बनावट दोन सुरांच्या किमतीत आठ खरे सूर.

एक गोष्ट मात्र मला सांगावी लागली. आजची पेटी ४४० ला (A सुराची सेकंदाला ४४० कंपनं) लावतात. अमेरिकेतल्या पियानोवाल्यांनी १८९१ मध्ये ४३५ ठरवला होता आणि मामांचा ऑर्गन त्याच्याच जवळपास आहे. फरक अर्ध्या सुराच्या पाचव्या हिस्स्याएवढा, पण शेजारच्या पट्टीबरोबर वाजवला की दात शिवशिवतात. म्हणून तुटक्या सुरांबरोबर त्यांच्या दोन्ही बाजूंचे धडधाकट सूरही घेऊन जा, कारागिराला त्यावरून मिळवता येतं. जीभ टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. त्यामुळे शेवटची मिळवणी घरी ऑर्गनवर बसवूनच करा. काकांनी हेतुपुरस्सर किंचित चढे ठेवून दिले होते.

भात्याचं रबरी कापड, चामडं, नमदा यांसाठी पालिताण्यात फिरू नका. रेनकोटचं कापड कुणी सुचवलं तर ऐकू नका, मी लावून पाहिलंय, दोन पावसाळ्यांत चिरलं. चिकटवायला गरम सरसच. पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला भाता पुढच्या माणसाला फोडूनच काढावा लागतो. प्लेअर पियानो दुरुस्त करणाऱ्यांनाही हेच: तुमचं यंत्रही ओढलेल्या हवेवरच चालतं, कापड आणि सरस तुमचाही तोच, पण तुमच्यासाठी पालिताण्यात काहीही नाही. जाऊ नका.

फ्रेमच नसेल तर मात्र एकच उपाय, त्याच कंपनीचा मेलेला ऑर्गन शोधून त्याचे सूर काढणे. मी सध्या वसईपासून गोव्यापर्यंत जुन्या चर्चमध्ये विचारत फिरतोय. तोवर ती तीन घरं रिकामीच आहेत. पट्टी दाबली की तिथून नुसती हवा आत जाते आणि भात्याचा दम सुटतो, म्हणून वरून कागदाची चिकटपट्टी लावली आहे. तिन्ही वरच्या सप्तकातली आहेत. मामा तिथवर जात नाहीत.